तांबड्या मातीची जुनी हकिगत : खारेपाटणचा सडा, खाडी आणि मॉरिशसचा माळ



मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की खारेपाटणच्या पुलावरून शुक नदीचे पाणी एकदा नीट पाहा. दूध कमी घातलेल्या चहासारखा त्याचा रंग असतो. "गढूळ पाणी आलं" असे म्हणून आपण छत्री सावरतो आणि पुढे जातो. पण ते नुसते गढूळ पाणी नव्हे. वरच्या अंगाच्या गावांतली वरकस जमीन, आंब्या-काजूच्या बागा, मोकळे डोंगरउतार यांचा सगळ्यांत वरचा थर त्या पाण्याबरोबर खाडीकडे निघालेला असतो. तुमच्या बागेचा वाटाही त्यात असेल.

बांधावर एक प्रश्न फार वेळा विचारला जातो. "साहेब, आमची माती कशी लालबुंद, भुसभुशीत आणि खोल आहे, पारई टाकली तर हातभर आत जाते. मग नाचणी पिवळी का? खत घातलं तरी भात का उठत नाही?" या प्रश्नाचे उत्तर खताच्या पिशवीवर लिहिलेले नाही. ते या मातीच्या इतिहासात आहे, म्हणून या वेळच्या पत्रकात पिकाऐवजी मातीचीच हकिगत सांगायची आहे.

एकच दगड, दोन माती

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला. थरावर थर साचले आणि थंड होऊन त्यांचा काळा दगड झाला. आपण त्याला काळवत्री म्हणतो, शास्त्रात त्याचे नाव बेसॉल्ट. सह्याद्रीचे कडे याच दगडाचे आहेत. खारेपाटणच्या परिसरातही पायाखाली तोच आहे. पुढे सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे गेलात की त्याच्याखालचे आणखी जुने खडक उघडे पडलेले दिसतात.

या काळवत्री दगडात जवळजवळ निम्मी सिलिका असते. शिवाय लोह, ॲल्युमिनियम, चुना, मॅग्नेशियम आणि थोडेसे पालाशही असते. म्हणजे पिकाला लागणारा बराच शिधा दगडातच भरलेला आहे. आता गगनबावड्याचा घाट चढा, कोल्हापूर ओलांडा आणि मिरजेच्या पुढे जा. तिथे काळीभोर, उन्हाळ्यात भेगाळणारी कापसाची जमीन लागते. दगड तोच, पण माती काळी. कारण तिथे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. इतक्या पावसात दगड कुजतो, पण त्यातला चुना, मॅग्नेशियम वगैरे धुऊन जात नाही, मातीतच राहते.

आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात आणि तोही बहुतेक चार महिन्यांत कोसळणारा. लाखो वर्षे असा पाऊस दगडातून झिरपत राहिला. आधी चुना, सोडियम, पालाश, मॅग्नेशियम गेले, मग हळूहळू सिलिकाही गेली. पाण्यात विरघळत नाही ते लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले. पीठ चाळल्यावर चाळणीत जे उरते, तशी आपली तांबडी माती आहे. तिचा लाल रंग हा लोखंडाचा गंज होय. पावसात उघड्यावर टाकलेल्या पारईला चढतो तोच. म्हणून माती जितकी लाल आणि जितकी खोल, तितकी ती कसदार, असे समजू नये. ती जितकी खोल कुजली, तितका तिचा शिधा धुऊन गेलेला असण्याचा संभव अधिक.

जिथे हे लोह साचून घट्ट बांधले गेले तिथे जांभा झाला, आपला सडा आणि कातळ झाला. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा इंग्रज कंपनीचा डॉक्टर १८००-०१ मध्ये मलबारात फिरत होता. अंगाडिपुरम येथे त्याने पाहिले की हा दगड जमिनीत असताना हत्याराने सहज कापता येतो आणि काढून उघड्यावर ठेवला की टणक होतो. १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटराइट' असे नाव दिले आणि जगभर तेच चालले. आपल्या पाथरवटांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नव्हती. चिरा काढून ऊनपावसात मुरवायचा आणि मग भिंतीला लावायचा, हे ते पिढ्यान्पिढ्या करीत आले होते.

पावसाबरोबर काळही लागतो, याचा चांगला दाखला पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर मिळतो. ती बेटेही ज्वालामुखीचीच. साखळीतल्या सर्वांत धाकट्या बेटावर अजून लाव्हा वाहतो आणि काळा दगड उघडा दिसतो. सुमारे ५० लाख वर्षे वयाच्या कौआई बेटाच्या उंचवट्यावर मात्र खोल, लाल माती आहे. आपल्या मातीची जणू मावसबहीण. १९९९ साली शास्त्रज्ञांनी तिथला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की ४० लाख वर्षांच्या जुन्या जागी झाडांना दगडातून जवळजवळ काही मिळतच नाही. चुन्यासारखी द्रव्ये समुद्राच्या तुषारांतून येतात आणि स्फुरद येते ते आशिया खंडातून वाऱ्याने उडत आलेल्या धुळीतून! तरीही तिथे रान हिरवेगार आहे. कारण एवढेच की मिळालेला कण रान सोडत नाही. पान गळते, कुजते, मुळे ते पुन्हा उचलतात. सगळा कारभार वरच्या वीतभर थरात चालतो.

आपल्या राईचे, देवाच्या रहाटीचे असेच आहे. देवराईत पाचोळा बाजूला करून मूठभर माती उचला, ती काळसर निघेल. दहा पावलांवरच्या उघड्या उतारावरची लालच असेल. दगड एक, पाऊस एक; फरक फक्त पाचोळ्याचा.

बंदर होते, ते का बुजले

आता खारेपाटणकडे वळू. या गावाचे नाव इतिहासात पक्के आहे. शके ९३० म्हणजे इ. स. १००८ मधला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट इथे सापडला. तो प्रथम वाचून छापला तो शेजारच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी. ताम्रपटात शिलाहार घराण्याच्या दहा पिढ्यांची वंशावळ आहे आणि देवस्थानाला दिलेल्या गावांची नोंद आहे. शेतकऱ्याने लक्ष द्यावे अशी आणखी एक गोष्ट त्यात आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोने देवस्थानाला द्यावे, असे राजा सांगतो. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या मुलखाच्या बंदरांत दूरदेशची गलबते लागत होती. समुद्रापासून इतक्या आत, खाडीच्या वरच्या टोकाला असलेले खारेपाटण हे अशा व्यापाराचे ठिकाण होते. घाटावरचा माल इथे उतरे आणि इथला वर चढे.

आज त्या पाण्यात मोठे गलबत आणून दाखवा! खाडी गाळाने उथळ होत गेली, मोठी जहाजे वर येईनाशी झाली आणि व्यापार मुखाशी, विजयदुर्गाकडे सरकला. गाळ साचणे हा खाडीचा धर्मच आहे. भरती तो आत ढकलते, नदी वरून आणते. त्यामुळे सगळा दोष माणसाच्या माथी मारणे बरोबर नाही. पण नदी किती गाळ आणते हे मात्र डोंगरावर काय आहे यावर ठरते, आणि डोंगरावर काय ठेवायचे हे माणूस ठरवतो.

या गाळाला दुसरी बाजूही आहे. आपल्या पूर्वजांनी व्हाळांत आडवे बांध घातले, वरून वाहून येणारी माती अडवली आणि तिच्यावर भाताचे मळे तयार केले. पुष्कळ गावांतले उत्तम मळे हे असे डोंगराच्या मातीचे बनलेले आहेत. वर वरकस, मध्ये कुरयाट, खाली मळा ही आपल्या जमिनीची उतरंड म्हणजे मातीच्या उतरणीचा हिशेबच आहे. बांधाने अडली ती माती शेत झाली. उरलेली खाडीत गेली, आणि तिने बंदर बुजवले.

डोंगर उघडे पडण्यात एका सरकारी निर्णयाचा मोठा हात आहे. पेशवाई बुडाल्यावर, १८२० च्या दशकात, दक्षिण कोकणचे कलेक्टर डनलॉप यांनी झाडांवरचा सरकारी हक्क सोडून तो जमीनधारकांना दिला. हेतू असा की मालकी मिळाली की लोक झाडे जपतील. झाले उलटे. मुंबई शहर वाढत होते; तिथे इमारतीला, गलबतांना आणि चुलीला लाकूड हवे होते; आणि खाड्यांमुळे लाकूड थेट होडीत भरता येत होते. साग, किंजळ, ऐन एकामागून एक गेले. आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी जंगल थोडे आणि मालकीचे रान जास्त आहे, याचे मूळ त्यात आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर मालकी देणे चुकीचे नव्हते. झाडाची किंमत बाजारात ठरत होती, पण झाडाखालच्या मातीची किंमत कोणीच धरली नव्हती, हे चुकले.

वरकसावर नाचणी, वरी, हरीक आळीपाळीने घ्यायचे आणि मग जमीन काही वर्षे पड टाकायची, ही जुनी रीत होती. त्या पड काळात झुडपे वाढत, पाचोळा पडे आणि मातीला पुन्हा थोडा शिधा जमे. माणसे वाढली तशी पड कमी वर्षांची झाली. पिके उतरली आणि लोक बाहेर निघाले : कोणी गिरणीत, कोणी पलटणीत, तर कोणी समुद्रापार.

मॉरिशसची लाल माती

समुद्रापार गेलेल्यांची हकिगत आपल्या विषयाला धरूनच आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मॉरिशसला उसाच्या कामावर नेले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे तिथे उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीचे, मालवणाकडचे मराठी लोक होते. पोर्ट लुईला ते ज्या धक्क्यावर उतरले तो आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो. २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. त्यांचे वंशज अजून तिथे गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

मॉरिशस हे ज्वालामुखीचे बेट. काळवत्री दगड तोच. मध्यभागी उंच पठार, आणि तिथे काही ठिकाणी पाऊस चार हजार मिलिमीटरपर्यंत. जिथे लाव्हा नवा तिथे जमीन दगडगोट्यांनी भरलेली. मजुरांनी ते गोटे हातांनी वेचून शेतात मोठमोठे ढीग रचले. ते ढीग आजही उसात उभे दिसतात. जिथे लाव्हा जुना तिथे खोल, तांबडी माती. कोकणातून गेलेल्या माणसाला ती पाहून घर आठवले असेल, यात नवल नाही. आणि तिचे दुखणेही घरच्यासारखेच निघाले : आम्ल, निचरा जास्त, स्फुरद धरून ठेवणारी, चुना-सिलिका धुऊन गेलेली.

तिथल्या ऊस-संशोधकांनी यावर एक वेगळाच प्रयोग केला. १९६१ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. धुऊन निघालेल्या जुन्या मातीत त्यांनी बेसॉल्ट दगडाची भुकटी मोठ्या प्रमाणावर मिसळली आणि उसाचे उत्पन्न वाढले. म्हणजे पावसाने लाखो वर्षांत जे नेले ते दगड दळून परत घातले. लगेच क्रशरवर ट्रॅक्टर पाठवू नका! भुकटी फार लागते, वाहतूक महाग आणि गुण हळूहळू येतो. पण या प्रयोगातून रोग कोणता हे नक्की कळते : मातीत माल कमी आहे, आणि जो आहे तो वर आहे.

वरचा थर गेल्यावर काय होते, तेही त्याच बेटावर दिसते. नैर्ऋत्येच्या डोंगराळ भागात शामारेल नावाचे गाव आहे. तिथे कुजलेल्या बेसॉल्टची लाल, तपकिरी, जांभळी माती उघडी पडली आहे, पावसाने तिला घळी पडल्या आहेत आणि तिच्यावर झाड उगवत नाही. परदेशी पाहुणे तिकीट काढून ती पाहायला येतात, फोटो घेतात. सुंदर दिसते खरे. पण शेतकऱ्याच्या डोळ्याने पाहिले तर ते मातीचे उघडे पडलेले हाड आहे. आपल्या चिरेखाणींच्या कडेला तसलाच जांभळा-पिवळा पट्टा तुम्ही पाहिला असेल.

राब, राख आणि आजचे उतार

आपल्या पूर्वजांना सिलिका हा शब्द ठाऊक नव्हता, पण उपाय ठाऊक होता. तरव्याच्या जागी टहाळ, गवत, शेण पसरून ते भाजायचे, हा राब. भाजण्याने तणाचे बी मरते, आणि राखेतून पालाश, चुना, सिलिका रोपाला आयती मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राबासाठी झाडे तोडण्यावरून जंगल खाते आणि शेतकरी यांच्यात मोठा वाद झाला. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी यांनी राबाचा शास्त्रीय अभ्यासही केला. म्हणजे ही रीत वेडगळ नव्हती. पण हिशेब नीट पाहा : गुंठाभर तरव्याला खाऊ घालण्यासाठी कितीतरी पट उताराचा पाचोळा आणि टहाळ उचलला जाई. तरवा जगला, डोंगर उपाशी राहिला.

हाच गुण डोंगर न ओरबाडता मिळू शकतो. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीचे पहिले सूत्र त्यासाठीच आहे. भाताच्या तुसाची काळी राख तरव्यात मिसळायची आणि पेंढा शेतात परत घालायचा. भात सिलिका फार उचलते आणि ती तुसात-पेंढ्यात साठवते. गिरणीत टाकून दिलेला तूस म्हणजे तुमच्याच शेतातला माल. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचे. तो बांधावर लावा, चिखलणीच्या आधी पाला शेतात टाका. मग १५ आणि २५ सेंटीमीटर अशा आलटून-पालटून अंतराने लावणी, आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात खोचणे. गोळी खोचण्याचे मर्म असे की आपली लाल माती स्फुरद घट्ट धरून बसते, तिच्यातले लोह त्याला सोडत नाही. फोकून दिलेले खत सगळीकडे मातीला भेटते आणि अडकते. एका जागी, मुळाशी, शक्यतो शेणखतात कालवून दिलेले पिकाला मिळते. नाचणी पिवळी का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उतारावर आहे. १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबागा आल्या आणि ओसाड वरकसावर आंबा-काजू उभा राहिला. ही आपल्या भागातली फार चांगली घटना, यात शंका नाही. झाडाने डोंगर पुन्हा झाकला. पण अलीकडे तीन गोष्टी दिसतात आणि त्या बोलल्याच पाहिजेत. पहिली, जेसीबी लावून उतार सरळ कापायचा आणि वरची काळसर माती खाली लोटून लाल मातीवर कलम लावायचे. असे कलम पाच वर्षे तसेच्या तसे उभे राहिले तर दोष रोपवाटिकेचा नसतो. दुसरी, पावसाच्या तोंडावर तणनाशक मारून काजूखालची जमीन लख्ख करणे. झाडणीने अंगण साफ करावे, बाग नव्हे. पहिली सर येते तेव्हा मातीवर काहीतरी हवेच. तिसरी, शिमग्यानंतर पाचोळ्याला लावलेली काडी. वणव्याला भिऊन पट्टा साफ करणे वेगळे, आणि सगळ्या बागेचा पाचोळा पेटवणे वेगळे.

त्याऐवजी असे करता येईल. गवत कापा, पण मुळासकट उपटू नका. कापलेले तिथेच झाडाच्या आळ्यात पसरा. उताराला आडवे, दगडांचे छोटे गडगे घाला. चुन्याची किंवा सिमेंटची गरज नाही, पाणी झिरपून जावे आणि माती मागे राहावी एवढेच. गडग्याच्या वरच्या अंगाला वाळा किंवा गिरिपुष्प लावा. कलमाच्या खालच्या बाजूने अर्धचंद्र बांध घाला. खड्डा खणताना वरची वीतभर माती एका बाजूला आणि खालची लाल दुसऱ्या बाजूला ठेवा आणि भरताना वरची माती मुळाशी जाऊ द्या. चिरेखाणीला जमीन देणाऱ्यांनी करारातच घालून घ्यावे की वरची माती वेगळी साठवून काम संपल्यावर परत पसरायची. तोंडी बोलण्यावर राहू नये.

चुना घालावा का, हेही पुष्कळ जण विचारतात. मातीची आम्लता पाहूनच घालावा, शेजाऱ्याने घातला म्हणून नव्हे. त्यासाठी माती तपासून घ्या. नमुना मे महिन्यात, खत घालण्याआधी काढावा. वरचा पालापाचोळा बाजूला सारून, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करून, त्याच्या कडेची दोन बोटे जाडीची माती घ्यावी. शेतात आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, सावलीत वाळवून, त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरावी. बागेत नमुना झाडाच्या बुंध्याशी घेऊ नये आणि शेणखताच्या ढिगाजवळचाही नको. सड्यावरची, उतारावरची आणि मळ्यातली माती एकाच पिशवीत घालू नका. त्या तीन वेगळ्या माती आहेत. पिशवीत नाव, गाव, गट नंबर, मागचे पीक आणि यंदा घ्यायचे पीक लिहिलेली चिठ्ठी टाका आणि सहायक कृषी अधिकाऱ्याकडे द्या.